रिकाम्या पोटी

९ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. घरचा पत्ता माझ्याकडे नाही, गोदामाच्या पत्त्यावर टाकतेय. तिथे फोर्कलिफ्ट चालवणारे असे कितीसे असतील, कुणीतरी शोधून देईल तुला.

अक्षर हललेलं दिसलं तर समजून घे. स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितेय. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारी सुटेपर्यंत बस इथेच मैदानाच्या कडेला उभी असते, आणि मी तिच्यात. हो, अजून तीच शाळेची बस. बाबा म्हणायचे ना, तुम्हा दोघांना मी दुसरं काही दिलं नाही, फक्त चाक हातात दिलं. तू माल वाहतोस, मी मुलं.

काम एवढंच आहे की रक्त तपासून घे. एकदा उपाशीपोटी, एकदा जेवल्यावर. बाबांना साखरेचा आजार होता म्हणजे आपल्यालाही होऊ शकतो, आणि त्यांना झाला तेव्हा ते साधारण तुझ्याच वयाचे होते. कुठेतरी वाचलं, म्हणून आठवण केली. मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे.

बाबांचं शेवटचं वर्ष मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. पाय कापायच्या दिवशी तू वॉर्डाच्या दारापर्यंत आलास, आत पाहिलंस आणि तसाच वळलास. मी पाहिलं होतं. त्यानंतर आलाच नाहीस, अगदी शेवटच्या दिवशीही नाही. ते उकरून काढायला लिहीत नाहीये. तुझ्याशी मनातल्या मनात इतक्या वेळा भांडलेय की आता त्या भांडणाचाही कंटाळा आलाय.

पण एक सांगते. डोळे गेल्यावर ते दिवसभर खुर्चीत बसून असायचे. बाहेर एखादी गाडी जोरात आली की दचकायचे आणि नसलेल्या पायानं ब्रेक दाबायचे. मांडी तेवढी हलायची. ते मला अजून दिसतं.

तपासून घे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

छोटी

२१ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ठणठणीत वगैरे काही नाही. मलाही साखरेचा आजार निघालाय.

खूप तहान लागायची, सारखं उठावं लागायचं, तेव्हाच ओळखलं होतं. आपण दोघांनी हे घरात पाहिलंय, आपल्याला कुणी सांगायला लागत नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले नाही. ते आमच्या कंपनीच्या ड्रायव्हर लोकांची तपासणी करतात, तिथून मालकांच्या कानावर जायला वेळ लागला नसता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक दवाखाना शोधला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, शिवणकाम. खोटं किती सहज येतं रे तोंडातून.

त्यांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. बरंच काही बोलले. गोळी घेतली की जेवण चुकवू नका, गोड बंद, मैदा बंद, भात-बटाटा बेतानं, घरी तपासायचं यंत्र घ्या. मी मान हलवत होते आणि ते बोलत होते तोवर माझ्या डोळ्यांसमोर फक्त बाबांची खुर्ची होती. 'बंद' तेवढं माझ्या कानात शिरलं, बाकीचं बाहेरच राहिलं.

आमच्यात एक ड्रायव्हर आहे, त्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात, कारण तो बंद होत नाही. त्यानं मला एक व्हिडिओ दाखवला. मी विचारलं नव्हतं, तो सगळ्यांनाच दाखवतो. एक चकचकीत दातांचा माणूस सांगत होता, की कार्ब्स म्हणजे विष. पांढरं असो, तपकिरी असो, धान्य असो, डाळ असो, फळ असो, पोटात गेलं की सगळ्याची साखरच होते. तुमचे वडील आंधळे झाले असतील तर आता तरी डोळे उघडा. अगदी असंच म्हणाला तो. माझ्याकडे बघून बोलतोय असं वाटलं.

घरी गेले आणि फडताळ रिकामं केलं. पाव, तांदूळ, बटाटे, पीठ, बिस्किटं, मध. मग मसूर, चणे, वाटाणे. मग ओट. मग सफरचंदंसुद्धा. सगळं पिशव्यांत भरून शेजारणीला दिलं. ती म्हणाली, घर सोडून चाललात की काय?

ह्यांना सांगितलंय की बारीक व्हायचंय. ह्यांचं तुला माहीत आहे, दिवसभर शिडीवर चढून लोकांच्या भिंती रंगवतात, संध्याकाळी पाव आणि गोड चहा मिळाला की खूश. म्हणाले, या वयात कुणासाठी बारीक होतेस? मी हसले. ते आता बाहेर खाऊन येतात आणि शर्टावर पावाचा चुरा घेऊन घरात शिरतात, लहान मुलासारखे.

ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तू उत्तर देत नाहीस, म्हणून तुला सांगणं सोपं आहे.

छोटी

५ फेब्रुवारी

दादा,

कपडे सैल झालेत. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी काकडी, संध्याकाळी कोबीचं पाणी. त्याला सूप म्हणायचं म्हणे. परवापासून सकाळची अंडीही बंद केलीत, कशाला घाई, दुपारी खाऊ म्हणून. गोळी मात्र एकदाही चुकवलेली नाही.

आणि तरीही साखर वाढतेय. मला कळतं ना. सकाळची फेरी संपत आली की हाताला कंप सुटतो. घाम येतो, थंडीतसुद्धा पाठ भिजते. छातीत धडधडतं. काल मावशीनं, म्हणजे बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला असते ती, तिनं विचारलं, बाई, ताप आहे का तुम्हाला? मी तिच्यावर खेकसले. का खेकसले ते मलाच कळलं नाही. ती बिचारी मागे जाऊन बसली.

मी ठरवलं, कुठूनतरी कार्ब्स पोटात जातायत. शोधलं. काकडी असेल. आता तीही सोडते.

यंत्र आणलंय. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, आकडा दिसतो. खोक्यासकट खणात ठेवलंय. रोज खण उघडते आणि बंद करते. आकडा पाहिला की तो खरा होईल, असं वाटतं. मला माहीत आहे हे खुळचटपणाचं आहे. पण तूही तर दारातूनच वळला होतास. त्या वेळी मी तुला भित्रा म्हणाले होते मनात. हल्ली तो शब्द वापरताना जीभ अडखळते.

गाडी चालवते तेव्हा भीती जास्त वाटते. माझ्या मागे एवढी मुलं. पुढच्या सीटवर एक मुलगी बसते, तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण तिचं तोंड कायम चालू. काही ना काही कुरतडत असते आणि मला विचारते, काकू, तुम्ही जेवत का नाही? मी म्हणते, मोठी माणसं सारखी खात नाहीत. ती म्हणते, माझे बाबा खातात.

तिच्या हातातल्या बिस्किटाचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच मी खिडकी उघडते. बिस्किटाची भीती वाटते, दादा. मी, जी घाटातून उलट्या गिअरमध्ये बस मागे आणते, ती.

तू तपासून घेतलंस का?

छोटी

१९ फेब्रुवारी

दादा,

काल बसचा डावीकडचा आरसा फुटला. कुंपणाला घासली जरा. मुलं ठीक आहेत. मीही ठीक आहे, विश्रांतीसाठी इथे ठेवलंय. नर्सनं कागद दिला म्हणून लिहिलं, काही काळजीचं नाही.

छोटी

२३ फेब्रुवारी

दादा,

त्या चार ओळींत जेवढं लपवता येईल तेवढं लपवलं होतं. आता खरं सांगते. सगळं मला आठवत नाही. मधलं मावशीनं सांगितलंय.

दुपारची फेरी होती. सकाळपासून पोटात गोळी आणि काळी कॉफी, बाकी काही नाही. शाळेतून निघाले तेव्हाच रस्ता नेहमीसारखा वाटत नव्हता. दिवे, दुकानं, माणसं, सगळं होतं, पण काचेपलीकडे काहीतरी दुसरंच शहर असल्यासारखं. पहिल्या थांब्यावर थांबले. दुसऱ्यावर थांबले की नाही, आठवत नाही. खारूताई म्हणाली, "काकू, आपलं घर मागे गेलं." मी म्हणाले, गप्प बस. मी मुलांना असं कधी बोलत नाही. ती परत म्हणाली, मी परत ओरडले, आणि मागची मुलं एकदम शांत झाली. ती शांतता मला आठवते. बसमध्ये मुलं शांत असणं किती भयंकर असतं, हे तुला कळणार नाही.

मग मी कालव्याच्या रस्त्याला वळले. आमचा मार्ग तिकडून जातच नाही. का वळले, कुणास ठाऊक. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला पाणी. मावशी म्हणते, मी पुढे बघत होते पण बघत नव्हते. तिनं हाक मारली, मी मान वळवली नाही. बस कुंपणाकडे गेली, घासली, तिथून सरकून पाण्याच्या बाजूला यायला लागली. तेव्हा ती माझ्या अंगावरून वाकली आणि तिनं हँडब्रेक ओढला. अख्खी बस हिसका बसून थांबली.

पुढचं चाक काठावर होतं, म्हणते ती. किती काठावर, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

मी घामानं निथळत होते आणि काहीतरी बरळत होते. मावशीला वाटलं चक्कर आलीय, पाणी द्यावं. पाणी कुणाकडेच उरलं नव्हतं. तिच्या हाताला लागलं ते खारूताईच्या दप्तरातलं फळांच्या रसाचं पाकीट. नळी माझ्या तोंडात घातली, म्हणाली ओढा. मी ओढलं. दादा, ज्या साखरेला मी यमदूत समजत होते तिचा एकेक घोट पोटात गेला आणि थोड्या वेळानं शहर परत जागेवर आलं. कुंपण दिसलं. कालवा दिसला. आरशात मुलं दिसली, रडणारी.

डॉक्टर म्हणाल्या, गिळत होतात म्हणून बरं. शुद्ध पूर्ण हरपली असती तर तोंडात काही ओतायचं नसतं, घशात अडकतं. आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे ऐकून मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझी साखर वाढलेली नव्हतीच. ती घसरली होती, तळाला गेली होती. कंप, घाम, धडधड, चिडचिड, ही सगळी साखर कमी झाल्याची लक्षणं. ती गोळी साखर खाली ढकलते, पोटात काही असो वा नसो. मी उपाशी राहून ती घेत होते. आणि हात कापले की अजून कमी खात होते.

हॉस्पिटलात बोट टोचून आकडा पाहिला तेव्हा कळलं. तेच यंत्र माझ्या खणात पडून होतं.

खारूताईचा ओठ फुटला. समोरच्या दांडीवर आपटली. टाके पडलेत. काल तिची आई इथे आली. खुर्चीवर बसली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"मला एकच सांगा. आजार आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

हे शेजारीच उभे होते, ह्यांनाही तोवर अर्धवटच कळलं होतं. नाही म्हणता आलं असतं.

"हो," म्हटलं. "दीड महिना माहीत होतं."

तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पिशवी खांद्याला लावली आणि गेली. हे खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले. तिथूनच म्हणाले, "मला तरी सांगायचंस." एवढंच.

छोटी

६ मार्च

दादा,

घरी आले. बस नाही आता. मालकांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, दुसऱ्या टोकाचा दवाखानासुद्धा, शिवणकामसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, लायसन्सचं खातं काय ते ठरवेल, पण माझ्या गाडीत मुलं असताना तुम्ही पुढे बसणार नाही. मी म्हटलं, मीही बसणार नाही. सकाळी गाड्या निघायच्या आधी टायर, ब्रेक, दिवे तपासायचं काम दिलंय. कामावरूनच काढलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

तुला मात्र दुसरंच सांगायचंय, आणि नीट वाच, कारण ते तुझ्यासाठी आहे.

घरी सोडायच्या आधी त्यांनी मला आहाराच्या बाईंकडे पाठवलं. छोटीशी खोली, टेबलावर ताट. ताटात थोडे उकडलेले चणे, भरपूर पालेभाजी, माशाचा तुकडा, अख्ख्या धान्याच्या पावाचा एक काप आणि एक संत्रं. त्या म्हणाल्या, जेवा. मला चमचा उचलवेना. खोटं नाही सांगत. चण्यांकडे बघून मला बाबांचा पाय दिसत होता. रडायला लागले. त्या बाईंनी समजूत घातली नाही की घाई केली नाही. आपला डबा काढला आणि समोर बसून जेवायला लागल्या.

जेवता जेवता विचारलं, वडील काय खायचे? मी सांगितलं. तुलाही आठवेल. प्रत्येक डेपोत गोड चहा, त्यात बुडवून मैद्याचा पांढरा पाव, उन्हाळ्यात रंगीत सरबताच्या बाटल्या, घरी आल्यावर ताटभर पांढरा भात. भाजी समोर आली तर म्हणायचे, मी काय बकरी आहे?

बाई म्हणाल्या, तुम्ही घाबरलात ते बरोबर, पण सगळ्यांनाच एका रांगेत उभं केलंत. मैद्याच्या पावातून धान्याचा कोंडा काढून टाकलेला असतो. अडवायला काहीच नाही, म्हणून तो पोटात गेला की झर्रकन साखर होऊन रक्तात. सरबत तर आधीपासूनच साखर. चण्यात, मसुरात, अख्ख्या धान्यात, भाजीत तंतू असतात, ते त्या साखरेला हळूहळू सोडतात. मला ते बसच्या भाषेतच कळलं. एक गाडी न थांबता सुसाट येऊन डेपोत घुसते, दुसरी थांबे घेत, एकेकाला उतरवत येते. रस्ता तोच, पण गोंधळ पहिलीच करते.

मी विचारलं, मग तपकिरी पाव चालेल? त्या हसल्या. म्हणाल्या, रंगावर जाऊ नका, मैद्यालाही रंग देता येतो. पाकिटामागे बघा, पहिलं नाव अख्ख्या धान्याचं आहे का. संत्रं खा, संत्र्याचा रस नको, कारण चोथा गाळला की राहते ती साखर. भात सोडायचा नाही, पण ताटाचा डोंगर नको, मूठभर, आणि सोबत डाळ, भाजी. चांगलं आहे म्हणून चणेही पोतंभर खायचे नाहीत. आणि हे बोलताना त्यांनी चमचा खाली ठेवला: गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, कधीच नाही.

पुढे त्यांनी पर्समधून साखरेच्या गोळ्यांची एक नळी काढून माझ्यापुढे ठेवली. ही वाईट साखर, म्हणाल्या. रोजच्या ताटात नको, पण ही खिशात हवी. हात कापले, घाम फुटला, की ही आधी. मग पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघायचं.

डॉक्टरांनी गोळीही बदललीय. ही तशी खाली ढकलत नाही म्हणे. पण दादा, मी ते ताट संपवलं त्याला किती वेळ लागला असेल! प्रत्येक घासाला वाटायचं, आता डोळ्यापुढे अंधार येणार. आला नाही. घरी अजूनही पावाचा काप हातात घेतला की हात तोंडापाशी थांबतो. हे समोर बसतात आणि मी चावत नाही तोवर स्वतःचा घास उचलत नाहीत. परवा ह्यांना म्हटलं, तुमची भाजी गार होतेय. म्हणाले, होऊ दे.

तू काय खातोस? गोदामात काय मिळतं? तूही यंत्रावर बसतोस. एकदा तरी कळव.

छोटी

२९ मार्च

दादा,

आज सहा गाड्या तपासल्या. एकीच्या ब्रेकचं तेल गळत होतं. माझी जुनी बस आता एक तरुण मुलगी चालवते. चांगली चालवते. ती फाटकातून बाहेर पडते तेव्हा मी दुसरीकडे बघते.

खारूताई शाळेत जायला लागली. तिची आई तिला स्वतः सोडते, बसमध्ये पाठवत नाही. मावशी सांगत होती.

रेडिओला एक दिवस बाजूला घेऊन सांगितलं, बाबा रे, त्यातलं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यानं माझा जीव घेतला असता. तो पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, त्याच्या आईनंही डाळ सोडलीय, त्यानं सांगितलं म्हणून. तिलाही गोळी चालू आहे. फोन लाव म्हटलं, आत्ता. त्यानं लावला.

सगळ्यांना सांगता येतं, तुलाच नाही. पत्रं मिळतात की गोदामाच्या दारातच कुणी फेकून देतं, तेही कळत नाही. रक्त तपासलं नसशील तर तपास. आणि तपासलं असशील आणि माझ्यासारखं खणात कोंडून ठेवलं असशील, तर दादा, बाहेर काढ.

तू वॉर्डाच्या दारातून वळलास त्याचा माझा राग गेलाय की नाही, माहीत नाही. पण तू त्या दारात काय पाहिलंस ते आता मला ठाऊक आहे. बाबांच्या जागी तू स्वतःला पाहिलंस. मीही तेच पाहत होते, फक्त कॉटला खुर्ची चिकटवून, बसून.

छोटी

११ एप्रिल

दादा,

तू म्हणालास, काल काय झालं ते लिहून पाठव, मला मधलं आठवत नाही. मलाही माझं आठवलं नव्हतं. लिहिते.

मी फाटकाशी होते, हातात टायरची हवा बघायचं यंत्र. अनोळखी नंबर, तुझा नेहमीचा नव्हे. उचलला तर कुणी बोलेना. फक्त श्वास. मी ठेवणार होते, तेवढ्यात तू म्हणालास, "छोटी." इतक्या वर्षांनी तो आवाज! तो बाबांचाच होता, मला क्षणभर कळेना कुणाशी बोलतेय.

मी काही विचारायच्या आत तू म्हणालास, "मलाही आहे. तुझ्या आधीपासून."

मग म्हणालास, हात कापतायत. फोर्कलिफ्टवरून उतरलोय. खोक्यावर बसलोय. तू लिहिलं होतंस ना.

दादा, तू तिथे, मी इथे. तू म्हणालास, कुणाला सांगितलेलं नाही, ना घरी, ना गोदामात. मी म्हटलं ते नंतर, सकाळपासून खाल्लंस काय? चहा. साखरेचा? नाही. गोळी? घेतली. आणि तू हसायला लागलास, विनाकारण, आणि मला म्हणालास, "बाबांना फोन दे." तिथे मी घाबरले. आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही, कालव्यावरही नाही, कारण तिथे मी शुद्धीत नव्हते.

मी ओरडले. तुझं नाव घेऊन ओरडले, फाटकातली माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, जवळ कोण आहे? हाक मार. तू म्हणालास, कुणाला कळलं तर काढून टाकतील. मी म्हटलं, हाक मार, दादा. तू मारेनास. मग मीच फोनमधून ओरडत राहिले, कुणी आहे का, कुणी आहे का. शेवटी कुणीतरी तुझ्या हातातून फोन घेतला. बाईचा आवाज. शेजारच्या विभागात माल मोजते म्हणे. मी तिला सांगितलं, याची साखर उतरलीय, शुद्धीवर आहे तोवर गोड काहीतरी पाजा, आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

ती धावली. फोन खोक्यावर ठेवला असावा, कारण मला लांबून सगळं ऐकू येत होतं. कुठेतरी बाटली आदळल्याचा आवाज. ती म्हणत होती, प्या, अजून, अजून एक घोट. तू नको म्हणत होतास. मग घोटांचा आवाज. मी मोजले नाहीत, मोजायचं भानच नव्हतं. फाटकाला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, गीळ, गीळ.

बऱ्याच वेळानं तू फोनवर आलास. विचारलंस, "मी काही वेडंवाकडं बोललो का?" मी म्हटलं, नाही. बाबांचं मी सांगणार नव्हते. पण तू सगळं लिही म्हणालास, म्हणून लिहिलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तुला तपासलं, आकडा वर आला होता. ते तुला घेऊन जायच्या आधी म्हणाले, काहीतरी खाऊन घ्या, नुसत्या सरबतानं पुन्हा उतरेल. त्या बाईनं आपला डबा उघडला. पाव आणि वाटाणे, म्हणालास तू. पाव कसला, मी विचारलं. तू म्हणालास, आता तेही बघू का? आणि मी हसले, फाटकाला डोकं टेकून, आणि मग रडले.

मग तू खायला लागलास. तुला वाटलं असेल फोन बंद झाला. मी काहीच बोलत नव्हते. पलीकडून तुझं चावणं ऐकू येत होतं. सावकाश, एकेक घास, मध्येच थांबणं, पुन्हा चावणं.

तू विचारलंस, "अजून ऐकतेयस?"

मी म्हटलं, "तू खा."

छोटी